आधी ओजेटी बघा, मग विषय निवडा: नाशिकमध्ये कॉमर्स-मॅनेजमेंटला प्रवेश घेणाऱ्यांसाठी

फी भरली, पावती हातात आली, ओळखपत्रासाठी फोटो काढला की प्रवेश झाला असं वाटतं. कॉलेजच्या ऑफिसच्या हिशेबात तेव्हा कुठे काम सुरू झालेलं असतं. पुढे पात्रता (विद्यापीठाने प्रवेशाला दिलेली मान्यता), विषयनोंदणी, एबीसी आयडी (तुमची क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेली एककं, जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) आणि परीक्षा अर्ज अशी चार कामं उरतात. ती चार वेगवेगळ्या ठिकाणी होतात आणि एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी सहा महिन्यांनी उघडकीला येते.

हा लेख सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या कॉलेजांमधल्या बी.कॉम., बीबीए आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. कॉलेज स्वायत्त असेल किंवा विद्यापीठ खासगी असेल तर तारखा आणि क्रेडिटची वाटणी बदलेल, कामांचा क्रम फारसा बदलत नाही.

सुरुवातीलाच एक सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ओजेटी, म्हणजे कामाच्या ठिकाणी जाऊन घ्यायचं प्रशिक्षण, गुणपत्रिकेवर येतं. ते कुठे करायचं हे ढोबळमानाने आधी ठरवा आणि तिथून मागे येत विषय निवडा. बहुतेक जण उलट करतात. मैत्रिणीने घेतला तो विषय घेतात आणि शेवटच्या वर्षी "कुठे सर्टिफिकेट मिळेल का" म्हणत सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर उभे राहतात.

प्रवेशाचा रस्ता कोणता

बी.कॉम.चा प्रवेश कॉलेजच्या गुणवत्ता यादीवर होतो. बीबीएचं तसं राहिलेलं नाही. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा लागू झाली. तिची नोंदणी बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी होते, त्यामुळे "निकाल लागू दे, मग बघू" म्हणणाऱ्यांची ती हमखास हुकते. एमबीएची सीईटी वेगळी असते.

मुलींच्या फीबद्दल बराच गोंधळ आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. जागा पक्की करण्याच्या घाईत हे लक्षात येत नाही आणि नंतर बदलता येत नाही. महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज दर वर्षी नव्याने भरायचा किंवा नूतनीकरण करायचं असतं, तो आपोआप पुढे जात नाही.

कागद आणि नावाचा घोळ

बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेअर. सीबीएसईतून किंवा परराज्यातून आलेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं, त्याशिवाय विद्यापीठाची पात्रता पूर्ण होत नाही. मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, म्हणून देण्याआधी त्याच्या पाच-सहा झेरॉक्स आणि एक नीट स्कॅन काढून ठेवा.

खरी अडचण नावाची होते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. एखाद्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. डिजिलॉकर आधारवरचं नाव उचलतं, विद्यापीठ गुणपत्रिकेवरचं, आणि एबीसी आयडी जोडताना दोन्ही जुळत नाहीत. नुसता क्रम मागेपुढे असेल तर बऱ्याचदा ऑफिसमध्ये निभावतं. स्पेलिंग वेगळं असेल तर प्रवेशाच्या आठवड्यातच आधार दुरुस्तीला टाका. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्रातली नोंद जवळ ठेवावी.

एबीसी आयडी १२ अंकी असतो आणि डिजिलॉकरमधून काढता येतो. शाळेने किंवा कनिष्ठ महाविद्यालयाने आधीच 'अपार' (विद्यार्थ्याचा देशभर एकच असलेला क्रमांक) आयडी काढला असेल तर तोच वापरायचा. दुसऱ्या मोबाइल नंबरवरून नवीन खातं उघडू नका. पुढे क्रेडिट एका खात्यात आणि तुम्ही बघताय दुसरं, असं होतं. सायबर कॅफेत खातं काढलं तर मोबाइल नंबर तुमचाच टाकला आहे ना हे तिथेच तपासा, ओटीपी त्याच नंबरवर येत राहणार.

विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, मिळाला की तो फोनमध्ये आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची तीन वर्षं प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच असतो.

क्रेडिटचा तक्ता वाचायचा कसा

संलग्न कॉलेजांत नवा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. वर्गातल्या शिकवण्याचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिक आणि ओजेटीचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. हे गणित पाठच करा, कारण प्रशिक्षणाच्या तासांची सगळी भांडणं इथून सुरू होतात.

तक्त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला पर्यायी विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी असे रकाने दिसतील. प्रत्येक रकान्यात ठरलेली क्रेडिट पूर्ण व्हावी लागतात. एका रकान्यात जास्त झाली म्हणून दुसऱ्यातली कमी भरून निघत नाही. ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं, म्हणजे कॉमर्सच्या मुलाने कला किंवा विज्ञान शाखेतलं. अकाउंटिंगशी जवळीक असलेला सोपा पेपर तिथे टाकायचा बेत चालत नाही.

विषय भरताना दोन गोष्टी बघा. पहिली, पर्यायी विषयाची बॅच पुरेशी मुलं नसतील तर रद्द होते, म्हणून दुसरी पसंती विचार करून भरा. रद्द झाल्यावर ऑफिस तीच लावून टाकतं. दुसरी, वेळापत्रक. नाशिकची बरीच कॉमर्स कॉलेजं सकाळच्या सत्रात भरतात. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचं असल्याने त्याचा तास दुपारी पडू शकतो, आणि तुमची ओजेटी किंवा नोकरी दुपारची असेल तर ७५ टक्के हजेरी तिथेच कोसळते.

विषय बदलायची मुदत छोटी असते. बदल हवा असेल तर तोंडी सांगून सोडू नका. अर्ज लिहा, विभागप्रमुखांची सही घ्या, ऑफिसला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजलं जातं.

परीक्षा अर्ज ऑनलाइन भरताना समोर आलेल्या विषयांची नावं वाचून पुढे जाऊ नका, विषयसंकेतांक अभ्यासक्रमाच्या पत्रकाशी ताडून बघा. एकाच नावाचे दोन पेपर, एक २ क्रेडिटचा आणि एक ४ क्रेडिटचा, असं असू शकतं. मागचा विषय राहिला असेल तर त्यावर वेगळी खूण करावी लागते. मुदत संपली की विलंब शुल्क, त्यानंतर अतिविलंब शुल्क. अर्ज भरून फी भरायची राहिली तर हॉल तिकीट येत नाही आणि ते परीक्षेच्या दोन दिवस आधी कळतं.

कोणाला काय विचारायचं

कॉलेजमध्ये मुलं भटकतात ती चुकीच्या दारावर चुकीचा प्रश्न घेऊन गेल्यामुळे. पात्रता, दाखले आणि शिष्यवृत्तीसाठी ऑफिस. निकालातली चूक, हॉल तिकीट, अंतर्गत गुण न चढणं यासाठी कॉलेजचे परीक्षा अधिकारी. हजेरी, विषयनिवड आणि घरच्या-तब्येतीच्या अडचणींसाठी तुमचे जीएफएम, म्हणजे गटाचे पालक शिक्षक. कंपन्यांची पत्रं आणि मुलाखतींसाठी टीपीओ, म्हणजे प्रशिक्षण आणि नोकरीचं काम बघणारे अधिकारी.

जीएफएमना बहुतेक मुलं हजेरी कमी पडल्यावरच भेटतात, आणि सरांनाही मग रागावण्यापलीकडे काही करता येत नाही. सत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा. जाताना आधीच्या सत्राची गुणपत्रिका, क्रेडिटचा तक्ता आणि लिहून नेलेले तीन-चार प्रश्न बरोबर ठेवा. "सर, कोणता विषय चांगला आहे?" या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळत नाही. "मला अंबडला स्टोअर्स किंवा अकाउंट्समध्ये ओजेटी करायची आहे, त्यासाठी कॉस्टिंग घेऊ की बँकिंग?" असं विचारलं तर सर नाव-पत्त्यासकट बोलतात. मागच्या वर्षी कोणती मुलं कुठे गेली होती हेही विचारा. ती नावं नोटीस बोर्डावर लावलेली नसतात.

सीए करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) चालू असताना पदवी करायची तर आयसीएआय या सीएंच्या संस्थेकडे फॉर्म ११२ भरून परवानगी घ्यावी लागते आणि त्यावर कॉलेजची वेळ प्रमाणित करून द्यावी लागते. सकाळच्या कॉलेजचा फायदा इथे होतो. पण आर्टिकलशिप म्हणजेच ओजेटी असं कॉलेज धरेल का, हे गृहीत धरू नका. विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्या.

नाशिकमध्ये कोणत्या विषयाला कुठे काम आहे

इथली ताकद कारखानदारीत आणि शेतमालात आहे. मुंबई-पुण्याचा मित्र काय घेतो त्यावर विषय ठरवू नका.

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या वसाहतींत मोठ्या कंपन्यांभोवती सुटे भाग बनवणारी शेकडो लहान युनिट्स आहेत. मोठ्या नावांच्या मागे सगळे लागतात, पण शिकायला लहान युनिट बरं. तिथे अकाउंट्सला दोन-तीनच माणसं असतात, म्हणून कामाला हात लावू देतात. कॉस्टिंग घेतलेल्या मुलाला तिथे खरेदी ऑर्डर, माल आल्याची जीआरएन आणि पुरवठादाराचं बिल यांचा मेळ घालायला मिळतो, बिन कार्ड (मालाच्या आवक-जावकीची नोंद) आणि प्रत्यक्ष साठा ताडता येतो, एखाद्या जॉबची कॉस्ट शीट भरता येते. पुस्तकातला 'मटेरियल व्हेरियन्स', म्हणजे मालाच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक, भंगाराच्या ढिगाशेजारी उभं राहिलं की समजतो.

मार्केटिंग किंवा सप्लाय चेनकडे ओढा असेल तर दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडे बघा. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम. पॅकहाउसमध्ये निर्यातीची कागदपत्रं तयार होतात: इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवरची नोंद. पॅकिंग लिस्टवरचे बॉक्स आणि कंटेनरमध्ये चढलेले बॉक्स जुळले नाहीत तर काय होतं हे तिथे एका रात्रीत कळतं. हंगाम सम सत्रात येतो, म्हणून सहाव्या सत्राची ओजेटी असलेल्यांना हा चांगला मेळ आहे. विषम सत्रात मात्र तिकडे फारसं काही हाती लागणार नाही.

करसल्लागार आणि सीए यांची ऑफिसं शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड भागात भरपूर आहेत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी, खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं विवरण) यांची जुळणी, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या उताऱ्याशी मेळ) अशी कामं मिळतात. टॅली येत नसेल तर तिथे पहिले दहा दिवस फाइली लावण्यात जातात, म्हणून व्हीएससी किंवा एसईसीमध्ये ते आधीच्या वर्षी उरकून घ्या.

सहकारी बँका आणि पतसंस्थाही घेतात. अट एकच: काम ठेवी-कर्जांच्या कागदांचं आहे की वसुलीचं आणि पॉलिसी विकण्याचं, हे पहिल्या दिवशी विचारा. ओजेटीच्या नावाखाली मुलांना टार्गेट देऊन दारोदार फिरवणारे कमी नाहीत.

ओझरचं एचएएल किंवा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेससारख्या ठिकाणचा हट्ट धरू नका. सुरक्षेच्या परवानग्यांत सत्र निघून जातं.

ओजेटी: पहिल्या फोनपासून सर्टिफिकेटपर्यंत

४ क्रेडिटची ओजेटी म्हणजे १२० तास. दिवसाला ८ तास धरले तर १५ दिवस, ६ तासांनी २० दिवस, आणि सकाळी कॉलेज करून दुपारी ३ तास जायचं तर ४० कामाचे दिवस. आठवड्याची एक सुट्टी धरून ते जवळजवळ सात आठवडे होतात. त्यात अंतर्गत परीक्षा आणि सणाच्या सुट्ट्या मिसळल्या की सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात झालीच पाहिजे. एमबीएची समर इंटर्नशिप दुसऱ्या सत्रानंतर पूर्णवेळ असते आणि आठवड्यांत मोजली जाते, तिचा किमान कालावधी आपल्या पॅटर्नच्या पत्रकात बघा.

शोध दोन महिने आधी सुरू करा. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांमधून सदस्य कंपन्यांची माहिती मिळू शकते. कॉलेजच्या टीपीओकडे यादी असते. घरच्यांच्या ओळखीचाही उपयोग करा, त्यात कमीपणा नाही. फक्त मामांच्या दुकानातून नुसतं सर्टिफिकेट आणायचा विचार सोडा. तोंडी परीक्षेत तो दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

कंपनीत मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास जा. करसल्लागाराकडे महिन्याच्या ७, ११ आणि २० तारखेच्या आसपास जाऊच नका: ७ ला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. त्या दिवसांत तुमच्याकडे वर मान करून बघायला कोणाला वेळ नसतो. बरोबर कॉलेजचं शिफारस पत्र हवं. त्यात तुमचं नाव, पीआरएन, किती तास, कोणत्या तारखा आणि मार्गदर्शक शिक्षकांचं नाव असावं. "विद्यार्थ्यास सहकार्य करावे" एवढंच लिहिलेलं पत्र एचआरच्या टेबलावरच राहतं.

होकार मिळाला की सुरू होण्याआधी स्वीकृती पत्र घ्या, ईमेलवर आलं तरी चालतं का ते कॉलेजला विचारा. साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी, ती रविवारीच असेल असं नाही, तेही विचारून घ्या. शॉप फ्लोअरवर जायचं असेल तर सेफ्टी शूज लागतात आणि मोबाइलने फोटो काढायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. सिन्नर, गोंदे, दिंडोरी लांब पडतात, म्हणून जाण्या-येण्याचा खर्च आणि वेळ आधी मोजा. शहरात सिटीलिंकच्या बसने सातपूर-अंबड जमतं. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, तेव्हा त्र्यंबक रोड आणि पंचवटीकडची ओजेटी त्या आठवड्यांत ठेवू नका.

प्रशिक्षण द्यायला कोणी पैसे मागितले तर उठून या. घरबसल्या इंटर्नशिप, नोंदणी शुल्क अमुक, सर्टिफिकेट हमखास, असे मेसेज दर सत्रात फिरतात. स्टायपेंड मिळाला तर छान, नाही मिळाला तरी चालेल. तुमच्या खिशातून जाता कामा नये.

सरकारी योजनांशी ओजेटीची गल्लत करू नका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही पूर्णवेळ शिकणाऱ्यांना घेत नाही. पदवी हातात आल्यावर त्यांच्याकडे बघा.

दैनंदिनी त्याच दिवशी लिहा: तारीख, आत-बाहेर जायची वेळ, केलेलं काम, दाखवलेल्या माणसाची सही. महिनाअखेर एका बैठकीत एकाच पेनाने भरलेली वही परीक्षकाला दुरून ओळखू येते. "आज अकाउंट्स विभागात काम केले" ही नोंद निरुपयोगी आहे. "४२ खरेदी बिलं २बीशी ताडली, ३ सापडली नाहीत, पुरवठादाराला फोन केला" ही नोंद अहवालाचं अर्धं पान लिहून देते. सहाव्या सत्रात असाल तर ३१ मार्चच्या स्टॉक मोजणीला थांबू द्या म्हणून विनंती करा. त्या दिवशी जे दिसतं ते वर्गात दाखवता येत नाही.

सर्टिफिकेटवर पुढच्या गोष्टी नसतील तर तिथेच परत करून नवीन मागा:
- लेटरहेड, पूर्ण पत्ता, शिक्का आणि सही करणाऱ्याचं पद
- सुरुवातीची आणि शेवटची तारीख
- एकूण तास, आकड्यात
- तुमचं नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच

"एक महिना काम केले" असं लिहून दिलं तर १२० तास सिद्ध होत नाहीत. तारखा परीक्षेच्या दिवसांवर किंवा कॉलेजच्या हजेरीवर आल्या तर ते आणखी वाईट. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायच्या गडबडीत हा कागद न वाचता पिशवीत जातो, आणि नंतर सही करणारे साहेब बदलून गेलेले असतात.

अहवालात कंपनीची खरी बिलं, गिऱ्हाइकांची नावं आणि जीएसटी क्रमांक जसेच्या तसे जोडू नका. आकडे बदलून नमुना करा आणि तसं लिहा. कंपनीचा इतिहास दीड पानात आवरा. वेबसाइटवरून उचललेली वीस पानं कोणी वाचत नाही. तोंडी परीक्षेत विचारतात ते साधं असतं: रोज काय केलं, ते काम कोणाकडून आलं आणि पुढे कोणाकडे गेलं, एखादी चूक कशी सापडली.

निकाल लागला की ओजेटीच्या रकान्यात श्रेणी आणि क्रेडिट चढली आहेत का ते बघा, नंतर एबीसी खात्यातही. रकाना रिकामा असेल तर सर्टिफिकेटची प्रत, दैनंदिनी आणि अहवाल जमा केल्याची पोच घेऊन त्याच आठवड्यात परीक्षा अधिकाऱ्यांना भेटा.